निम्मा गुडघा हातचा

फोन वाजला तेव्हा मी पलंगाखाली होतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने पलंगाखाली जाऊ नये, हे मला बायकोने, डॉक्टरांनी आणि माझ्या दोन्ही गुडघ्यांनी वेगवेगळ्या प्रसंगी सांगून झालेलं आहे. पण तांबड्या रंगाच्या ट्यूबचं टोपण घरंगळत आत गेलं होतं, आणि जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेल्या माणसाला उघडी ट्यूब बघवत नाही. गेलो. टोपण सापडलं. बाहेर निघताना मात्र उजवा गुडघा कट्ट म्हणाला, डाव्याने त्याला अनुमोदन दिलं आणि मी रांगत्या बाळाच्या अवस्थेत तिथेच अडकलो. वर टेबलावर फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. त्या वेळेला मला फोन करणारा माणूस एकच, सदाअण्णा. ही फजिती त्यांना कशी रंगवून सांगायची, याची मी खालूनच जुळवाजुळव करत होतो. ते काय म्हणतील तेही ठाऊक होतं. “मास्तर, भाईर निघालासा कशाला? तिथंच ऱ्हायचं की. वहिनींनी च्या आत सरकावला असता.” पलंगाची कड धरून कसाबसा उठलो, फोन लावला आणि पलीकडून आवाज यायच्या आधीच हसायला सुरुवात केली. पलीकडे सुमनवहिनी होत्या, अण्णांच्या पत्नी. माझं हसणं संपेपर्यंत त्या थांबल्या. मग म्हणाल्या, “भावजी, ह्ये गेलं वो. खुर्चीत बसल्या बसल्या.”

याला आता सात आठवडे झाले. हसण्याच्या मधोमध आलेली ती बातमी अजून नीट आत उतरलेली नाही... आणि ते टोपण त्या दिवशी मी कुठे ठेवलं, तेही सापडत नाही.

सदाअण्णा म्हणजे ज्यांचा फोटो पेपरात यावा असे गृहस्थ नव्हेत. गडमुडशिंगीच्या शेतकरी घरातले, इथल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. शरीरातून काढलेले तुकडे त्यांच्याकडे यायचे. ते तुकडे मेणात बसवायचे, कांद्याच्या पापुद्र्यालाही लाज वाटेल इतके पातळ काप करायचे, कोमट पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर घ्यायचे आणि रंगवायचे. पुढे डॉक्टर त्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली बघून रोगाचं नाव सांगणार. सगळ्या अवयवांना त्यांच्या टेबलावर सारखाच मान होता, पण जीव होता तो गुडघ्यावर. त्यातही कूर्चेवर. हाडाच्या टोकावर असतो तो गुळगुळीत, निळसर पांढरा थर. रविवारी मटणाच्या ताटात हाडाच्या टोकाला चकाकतो ना, तोच. अण्णा जेवताजेवता तो बोटाने पुसून उजेडात धरायचे. “बघा मास्तर, काच हाय काच! ह्या बोकडाला चालायला कायबी तरास नव्हता.” शेजारच्या पावण्याचा घास हातातच राहायचा.

आमची ओळख झाली ती माझ्या घोडचुकीतून. त्यांच्या विभागाला भिंतीवर लावायला गुडघ्याचा मोठा तक्ता हवा होता, हाताने रंगवलेला. एक निरोगी, एक दुखणाईत. कोणीतरी माझं नाव सुचवलं. अण्णांनी मला दोन-तीनदा निरोप पाठवला की एकदा येऊन काचा बघून जा. मी गेलो नाही. चित्रकाराला कल्पनाशक्ती कशासाठी दिलेली असते? निरोगी कूर्चा मी शांत, फिकी, दुधाळ रंगवली आणि दुखणाईत कूर्चा अशी लालभडक पेटवली की बघणाऱ्याचा गुडघा आपोआप चोळला जावा. तक्ता लागला. साहेब लोक वा म्हणाले. अण्णा तेवढे हाताची घडी घालून बराच वेळ समोर उभे राहिले आणि म्हणाले, “चित्र झ्याक हाय, मास्तर. फकस्त उलटं हाय.” मी लगेच स्टुलावर चढलो, तक्ता काढला, खालची बाजू वर करून पुन्हा टांगला. अण्णांनी शांतपणे बघितलं. “आता दोनदा उलटं झालं.”

मग त्यांनी मला हाताला धरून सूक्ष्मदर्शकापाशी नेलं. दुपारची वेळ होती, खिडकीतून निवांत ऊन येत होतं. डोळा लावला... आणि मी तिथून उठलोच नाही, असं अजूनही कधीकधी वाटतं. रंकाळ्यावर सूर्य टेकतो तेव्हा पाणी जसं नारिंगी-तांबडं होतं, तसं एक अथांग, निश्चल पाणी. त्यात कुठे कुठे, एकमेकींपासून लांब, आपापल्या खळग्यात शांत पडून राहिलेल्या पेशी. वरच्या काठाशी चपट्या, आडव्या, खाली गोल, आणखी खाली एकीखाली एक रांगेत. “म्हशी,” मी पुटपुटलो. “म्हशी डुंबतायत, अण्णा.” त्यांना ते फार आवडलं. तेव्हापासून आमच्या बोलण्यात पेशी नव्हत्याच, म्हशीच होत्या. त्यांनी सांगितलं की तो तांबडा रंग कूर्चेतल्या एका जाळ्याला चिकटतो, आणि त्या जाळ्याचं काम एकच, पाणी धरून ठेवणं. हाडावर हाड घासू नये म्हणून निसर्गाने मध्ये ठेवलेली ही पाण्याची गादी. “रंग हाय तिथं पाणी हाय. दुखण्यात रंग जातोय, मास्तर. तुमी तिथंच ओतलासा.”

मग दुसरी काच. इथे काठ गुळगुळीत नव्हता, जुन्या धोतराच्या किनारीसारखा उसवला होता. खोल चिरा उतरल्या होत्या. वरचा रंग उडून गेला होता, आणि त्या फिक्या पाण्यात म्हशी एकेकट्या नव्हत्या. चार-पाच-आठ अशा घोळक्याने गोळा झाल्या होत्या, आणि प्रत्येक घोळक्याभोवती तांबड्या रंगाचं एक पुसट कडं. मी विचारलं, हे काय? अण्णांचा आवाज एकदम खाली आला, देवळात येतो तसा. “ह्या जल्मभर एकट्या बसल्याल्या. इथं रगत येत न्हाई, नस न्हाई. भूक लागली तर माणूस चालंल तवा स्पंजागत दाबून जे पाणी आत-भाईर हुतंय, तेवढ्यावरच जगायचं. आणि हितं मोडतोड झाली म्हटल्यावर बघा... एकीच्या दोन, दोनाच्या चार झाल्यात. नवं जाळं इणाय लागल्यात.” कूर्चेला नस नाही म्हणून ओरडायची सोय नाही, हे सगळं मुकाट चालतं, आणि मालकाला पत्ता लागतो तो फार उशिरा, हाडापर्यंत गोष्ट गेल्यावर.

मी तक्ता पुन्हा रंगवला. खाली ठळक अक्षरांत मथळा लिहायचा होता, ‘सांध्याची झीज’. अण्णांनी माझा ब्रश मध्येच धरला. “झीज न्हाई लिव्हायचं.” का? “टायर झिजतंय. पायताण झिजतंय. टायर कवा सवताला ठिगळ लावतंय व्हय?” साहेबांना ते पटलं नाही, मथळा झीज असाच राहिला. पण त्या एका शब्दाशी अण्णांचं वैर पुढे आयुष्यभर चाललं. आणि ते भाबडे नव्हते बरं का. त्यांना पुरतं ठाऊक होतं की डागडुजी करणाऱ्या याच पेशी जुनं जाळं विरघळवणारा रसही सोडतात. नवं नीट बसायच्या आत जुनं निघून जातं. मी एकदा घरातला गळका नळ स्वतः दुरुस्त करायला घेतला होता आणि शेवटी अर्ध्या स्वयंपाकघराची फरशी उकरावी लागली होती. “तसंच,” अण्णा म्हणायचे, “तुमच्या नळागत. पर बसून तर न्हाई ऱ्हायलासा!” कूर्चा जिथे हाडाला मिळते तिथे काचेवर एक बारीक रेघ दिसते. तिला ते पुराची रेघ म्हणायचे. नदीकाठच्या भिंतींवर पंचगंगा ठेवून जाते तशी. निरोगी गुडघ्यात ती एकच असते. दुखणाईत गुडघ्यात एकीच्या वर दुसरी, दुसरीच्या वर तिसरी. हाड एकेक पायरीने वर चढत आल्याची खूण. या रेघा ते एकेक करून मोजायचे, पाणी कुठवर चढलं ते भिंतीवर मोजावं तसे.

त्यांच्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट कापणं नव्हती, वाट बघणं होती. हाडाचा तुकडा तसाच कापता येत नाही. तो सौम्य आम्लात भिजत घालून त्यातला चुना काढून टाकावा लागतो. दिवसाआड आम्ल बदलायचं, हाडाच्या कडेला बारीक सुई टोचून बघायची, आणि सुई पार गेली की त्याच दिवशी तुकडा बाहेर. उशीर झाला की आम्ल चुन्यावर थांबत नाही, ते पाणी धरणारं जाळंही खाऊन टाकतं. मग कितीही रंग ओता, काच फिकीच. म्हणून अण्णांचा नियम होता की अख्खा तुकडा कधीच भिजत घालायचा नाही. निम्मा भिजत, निम्मा बाजूला औषधात जपून. त्या निम्म्याला ते बेरजेतला शब्द वापरायचे, हातचा. आणि हा नियम प्रयोगशाळेपुरता नव्हता. पेठ वडगावच्या बाजाराला गेले तरी अर्धी भाकरी परतीच्या वाटेला हातची. गोष्ट सांगायला लागले तरी शेवट हातचा, ऐन रंगात आल्यावर उठायचे, “ऱ्हायल्यालं उद्या.” मी चिडायचो आणि उद्या जायचो.

असा पंचवीस-सव्वीस वर्षं जात राहिलो. मग ज्याने हजारो गुडघे काचेवर घेतले, त्याचाच डावा गुडघा कुरकुरायला लागला. आधी सायकल गेली, मग जिना गेला, मग मांडी घालून बसणं गेलं. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, “झीज झालीय, अण्णा.” अण्णा तो शब्द घेऊन घरी आले आणि दोन दिवस तो फोटो खिडकीच्या उजेडात धरून बसले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, “मास्तर, लोकांचं लई बघितलं. आता माझं मला बघायचंय. झिजलं, का झटलं.” ऑपरेशनला ते तयार झाले ते चालायला मिळावं म्हणून, हे खरंच, पण काढलेला तुकडा आपल्याला मिळावा म्हणून त्यांनी जो रीतसर अर्ज केला, त्याचं अक्षर मी बघितलंय. लग्नाच्या पत्रिकेवर काढावं तसं अक्षर होतं.

तुकडा त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मनीषाकडे गेला, प्रयोगशाळेत. आणि तिथून भिजत घातलेली बरणी माझ्याकडे आली. का, तर सुट्ट्या लागून आल्या होत्या, मनीषा चार दिवस नव्हती, अण्णा खाटेवर, आणि मी रिकामा. मुख्य म्हणजे मी मागितली. एवढ्या वर्षांत मला या विद्येतलं काही हाताळायला मिळालं नव्हतं. अण्णांनी खाटेवरून सूचना दिल्या. “दिवसाआड. सुई हाडाच्या कडंला, कूर्चेला न्हाई. आठ-दहा दिसांत पार जाईल. गेली की मनीषाकडं. इसरायचं न्हाई.” मी म्हटलं, “अण्णा, इसरायला मी काय पोरगं हाय?”

बरणी मी गॅलरीत ठेवली. बायको म्हणाली, “माणसाचा गुडघा? माझ्या लोणच्याच्या बरणीशेजारी?” मी लगेच सुंदर टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी लिहून डकवली, ‘खाऊ नये’. पहिले चार दिवस माझ्याइतका कर्तव्यदक्ष माणूस जिल्ह्यात नव्हता. पाचव्या दिवशी पुण्याहून मुलीचा फोन, बारसं ठरलंय, दोन दिवसांसाठी या. गेलो. नातू इतका गोड, की दोनाचे चार झाले, चाराचे... मला वाटतं सव्वीस. एका दुपारी पोराला मांडीवर घेऊन बसलो होतो. त्याचा इवलासा गुडघा माझ्या तळहातात आला. मऊ, लुसलुशीत. अण्णा सांगायचे, तान्ह्या बाळाचा गुडघा म्हणजे जवळजवळ नुसती कूर्चाच. हाड मागाहून येतं. मी स्वतःशीच हसलो, अण्णांची आठवण आली म्हणून... आणि हसता हसता अंगातून गार पाणी गेलं. बरणी! बाळाला त्याच्या आजीच्या हातात देऊन मी ज्या घाईने एसटी स्टँड गाठला, ती बघून व्याह्यांना वाटलं की माझ्या घरी कोणीतरी गेलं.

बरणीत तुकडा शिजलेल्या बटाट्यासारखा पडला होता. सुई टोचावी लागली नाही, ठेवली आणि आपल्या वजनाने बुडाली. मी तो मनीषाला नेऊन दिला आणि सांगितलं, “आठव्या दिवशी सुई पार गेली. मग धुऊन पाण्यातच ठेवला होता, मी नव्हतो ना.” तिने तुकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “बरं, सर.”

काच तयार झाली ती अण्णांच्या घरी, त्यांच्या खोलीत बघितली. महाविद्यालयाने भंगारात काढलेला जुना सूक्ष्मदर्शक त्यांनी लिलावात घेतला होता. त्याला दिवा नाही, खाली एक गोल आरसा, खिडकीचा उजेड पकडणारा. पश्चिमेच्या खिडकीपाशी तो, आणि समोर एक बुटकं स्टूल. अण्णा काठी टेकत आले, माझा हात नको म्हणून स्वतःच बसले, आरसा फिरवून ऊन पकडलं आणि डोळा लावला. वहिनी चहा घेऊन येऊन उभ्या राहिल्या. चहावर साय आली.

“फिकं हाय,” अण्णा म्हणाले.

मी बघितलं. रंकाळ्यावर हिवाळ्यात सकाळी धुकं येतं आणि पाणी कुठलं, काठ कुठला, काही कळत नाही, तसं. म्हशी नाहीत. घोळके नाहीत. काही नाही. “पेशी?” मी विचारलं. “कळत न्हाईत.” त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. “सुई कवा पार झाली, मास्तर?” मी म्हणालो, “आठव्या दिवशी.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, चहाचा एक घोट घ्यायला लागतो तेवढाच. “मग आसंच आसंल,” म्हणाले, आणि सूक्ष्मदर्शकावर फडकं घातलं.

जन्मभर मी माझ्या फजित्या सांगून लोकांचे चहा प्यालो आहे. उलटा तक्ता, उकरलेली फरशी, एका लग्नात दुसऱ्याच मांडवात जाऊन दिलेला आहेर, सगळं सांगितलं, तिखटमीठ लावून सांगितलं. ही एक मात्र तोंडातून निघेना. मग कळलं की ज्या फजितीत नुकसान आपलं असतं, तेवढीच आपण शूरपणे सांगतो. इथे एक माणूस आपल्या हयातीभराच्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं घेऊन बसला होता. झिजलं. झटलंबिटलं काही नाही, नुसतंच झिजलं. आणि ते उत्तर माझ्या गॅलरीत तयार झालं होतं.

नव्या गुडघ्यावर अण्णा छान चालायला लागले. पुढची काही वर्षं दर गुरुवारी गावाहून येऊन रंकाळ्याला माझ्याबरोबर फेरी मारायचे, माझ्यापुढे चालायचे आणि मागे वळून म्हणायचे, “या की, जुना माल!” मी तीनदा सांगायचा प्रयत्न केला. एकदा तळ्याच्या कट्ट्यावर गरम दूध पिताना म्हणालो, “अण्णा, एक बोलायचं होतं.” ते म्हणाले, “आधी प्या. साय धराय लागलीया.” एकदा फिरताना सुरुवात केली, तर त्यांना एकाएकी पाण्यातल्या म्हशी मोजायच्या होत्या. मला तर ती माझ्यावर देवाची कृपाच वाटायची. रात्री मात्र एकच स्वप्न पडायचं. मी त्या फिक्या काचेत उतरलोय. पायाखाली पाणी नाही, माती नाही, नुसतं पांढरं. मी म्हशींना हाका मारतोय, आणि लांब काठावर अण्णा हातात रिकामी बादली घेऊन उभे. रागावलेले नाहीत. नुसतं विचारतायत, “मास्तर, रंग कुठं सांडलासा?”

शेवटची भेट ते जायच्या दहा दिवस आधीची. त्यांच्या खोलीत, त्याच खिडकीपाशी. त्या दिवशी मी ठरवूनच गेलो होतो. बसायच्या आत म्हणालो, “अण्णा, ती बरणी...” “कुठली बरणी? लोणच्याची?” त्यांनी आत हाक मारली, “सुमन, मास्तरांस्नी लिंबाचं लोणचं दे गं. कवाधरनं मागाय लागल्यात!” मी लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन बसने घरी आलो. अजून संपलेलं नाही ते.

गेल्या रविवारी वहिनींनी बोलावलं, त्यांच्या वस्तू आवरायच्या होत्या. खोली तशीच होती. खुर्ची, खिडकी, फडक्याखालचा सूक्ष्मदर्शक, बुटकं स्टूल. वहिनींनी एक लाकडी पेटी माझ्यापुढे ठेवली, काचपट्ट्या उभ्या करायच्या खाचा असलेली. “ह्यात तुमचं काय हाय ते बघा, भावजी.” पेटीत पन्नास खाचा असतील, आणि काचा फक्त दोन. पहिली खिडकीला धरली, पांढरीफटक. ओळखलीच मी. टोकाला पेन्सिलीने, त्या पत्रिकेच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘डावा गुडघा. मास्तरांच्या हातचं.’ आईच्या हातचं म्हणावं तसं! मला हसूही आलं आणि कान तापले. दुसरी काच धरली. तिच्यावर नारिंगी-तांबडा एक पट्टा होता, वरच्या काठाला उसवलेला, तिथे फिका होत गेलेला, पण खाली... ट्यूबमधून आत्ता काढावा तसा. टोकाला लिहिलं होतं, ‘डावा गुडघा. हातचा.’

हातच्याचा नियम मला तोंडपाठ होता. पंचवीस वर्षं ऐकत होतो. तरीही त्या क्षणापर्यंत, देवाशपथ, माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं की सदाअण्णा स्वतःचा गुडघा अख्खा माझ्या गॅलरीत कसा पाठवतील?

“तुमी तुकडा दिलासा, त्येच्या दुसऱ्या दिशीच मनीषानं फोन केलता,” वहिनी म्हणाल्या. “सरांनी लई दिस ठेवलाय म्हणून. मग तिच्याकडचा निम्मा तिनं केला. ह्ये म्हणालं, मास्तरांस्नी सांगू नगं, झोप उडंल त्यांची.”

“आणि मी सांगायला लागलो की विषय बदलायचे ते?”

“व्हय की. ‘मास्तरांनी सांगितलं तर मलाबी कबूल कराय लागंल,’ म्हणायचे. ‘इतकी वर्सं ठावं हुतं आणि बोललो न्हाई, कुठल्या तोंडानं सांगू?’” वहिनींनी पदर तोंडाला लावला. रडतायत का हसतायत, ते मला नीट कळलं नाही. बहुधा त्यांनाही कळलं नसेल. “रोज संध्याकाळी दोनीबी काचा बघायचे. ही तांबडी गप बसून बघायचे. आन ही तुमची घातली की हसायचे. एकटंच. मी म्हणायची, कायतरी दिसतंय का त्यात? तर म्हणायचे, मास्तर दिसतोय.”

मी बुटक्या स्टुलावर बसलो. बसताना उजवा गुडघा वाजला. फडकं काढलं, हातचा भिंगाखाली सरकवला, आरसा फिरवला. पश्चिमेचं ऊन आत आलं... आणि पाणी परत आलं. काठ उसवलेला होता. चिरा खोल होत्या. पुराच्या रेघा मी मोजल्या, एकीवर एक, तीन. गुडघा वाचलेला नव्हता, खोटं कशाला सांगू. वरचा निम्मा थर गेलाच होता. पण त्या फिक्या पट्ट्यात, चिरांच्या अगदी कडेला, जिथे कोणी थांबलं नसतं तिथे, घोळके होते. चार. पाच. एकात मी नऊ मोजल्या. प्रत्येक घोळक्याभोवती तांबडं कडं, लहान मुलाने पुन्हा पुन्हा गिरवावं तसं. किती वेळ बघत होतो कोण जाणे. ऊन सरकलं, पाणी गडद होत गेलं, आणि मला वाटलं की काठावर कोणीतरी आहे, बादली घेऊन, आता रिकामी नाही...

“पेटी न्या तुमी,” वहिनी म्हणाल्या. “मला काय त्यातलं कळतंय?”

मी माझी पांढरी काच तेवढी काढली आणि चष्म्याच्या डबीत ठेवली. तांबडी तिथेच, आरशाच्या वर, राहू दिली. वहिनी म्हणाल्या, “ही न्हाई न्हेत?” मी म्हटलं, “नाही वहिनी. निम्मंच नेतो. निम्मं हातचं.” आणि उठायला गेलो, तर उठता येईना.